संगणकाच्या पार्टिशनांचे स्थलांतर : प्रत, ओळख आणि पडताळणी

विद्यापीठीय विभागांतील संशोधनसामग्रीचा फार मोठा भाग आज संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविलेला असतो. क्षेत्रपाहणीत केलेली ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे, शब्दसूची, ग्रंथसूचीच्या नोंदी, प्रबंधांचे खर्डे या सर्वांचे अस्तित्व एका लहानशा यंत्रावर अवलंबून असते. हे यंत्र कालांतराने झिजते, अपुरे पडते किंवा मंद होते, आणि मग ते बदलण्याचा प्रसंग येतो. हा प्रसंग सामान्यतः तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याचा समजला जातो. वस्तुतः त्यातील महत्त्वाचे निर्णय संशोधकाने स्वतः घ्यावयाचे असतात. काय न्यावयाचे, कोणत्या रूपात न्यावयाचे, ते जसेच्या तसे पोचले हे कशावरून मानावयाचे आणि जुनी डिस्क केव्हा निकालात काढावयाची, या प्रश्नांची उत्तरे सामग्रीचे मोल जाणणाराच देऊ शकतो.

या निर्णयांच्या मुळाशी एक भेद आहे. प्रत करणे आणि स्थलांतर करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रत करताना मजकूर उतरवून घेतला म्हणजे पुरते. स्थलांतरात मजकुराबरोबरच, ज्या खुणेने इतर घटक त्यास शोधतात ती त्याची ओळख आणि तो वाचावयाची साधने, हीही नव्या जागी पोचवावी लागतात. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बहुतेक अपघात घडतात. सर्व फाइली नव्या डिस्कवर असूनही संगणक सुरू होत नाही, किंवा सुरू होऊनही त्या फाइली वाचता येत नाहीत. हा भेद स्पष्ट करून त्यास अनुसरून कामाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. पार्टिशन आणि त्याची नोंद

आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांच्या त्या यंत्रात ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९८३ साली त्याच कंपनीच्या 'पीसी एक्सटी' या वैयक्तिक संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसविण्यात आली. त्याच वेळी आलेल्या डॉस २.० या कार्यप्रणालीबरोबर, एकाच डिस्कचे अनेक स्वतंत्र विभाग पाडण्याची पद्धत वैयक्तिक संगणकात रूढ झाली. हे विभाग म्हणजेच पार्टिशने होत. एका पार्टिशनावर कार्यप्रणाली व तिची साधने ठेवावीत आणि दुसऱ्यावर सामग्री ठेवावी, ही व्यवस्था तेव्हापासून सोयीची ठरली आहे, कारण कार्यप्रणाली बिघडली तरी सामग्रीस धक्का न लावता ती पुन्हा बसविता येते.

कोणते पार्टिशन कोठे सुरू होते व किती लांब आहे, याची नोंद डिस्कच्या आरंभी असते. १९८३ पासून चालत आलेल्या 'एमबीआर' पद्धतीत ही नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांच्या जागेत बसविलेली असते. त्यांपैकी पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि अखेरचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागतात. म्हणून अशा डिस्कवर मुख्य पार्टिशने चारच असू शकतात. शिवाय सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरच्या हिशेबाने सुमारे २.२ टेराबाइटपलीकडील जागेचा पत्ताच या पद्धतीत लिहिता येत नाही.

ही मर्यादा 'जीपीटी' या नव्या पद्धतीने दूर केली. तीत सामान्यतः १२८ पार्टिशनांची नोंद करता येते, प्रत्येक पार्टिशनास १२८ बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, आणि या सर्व नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. आरंभीची नोंद बिघडल्यास शेवटच्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. एका विभागातील संगणकात ५०० गिगाबाइटची जुनी हार्ड डिस्क असून ती एमबीआर पद्धतीची आहे, असे समजावे. तिच्यावर १०० गिगाबाइटचे प्रणालीचे आणि उरलेल्या जागेत सामग्रीचे अशी दोन पार्टिशने आहेत. प्रणाली ५०० गिगाबाइटच्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेल्या साठवणयंत्रावर, न्यावयाची आहे आणि सामग्री ४ टेराबाइटच्या नव्या हार्ड डिस्कवर न्यावयाची आहे. या उदाहरणात सामग्रीची डिस्क जीपीटी पद्धतीनेच सिद्ध केली पाहिजे. अन्यथा तिची जवळजवळ अर्धी जागा वाया जाईल. प्रणालीची डिस्क मात्र एमबीआर पद्धतीची राहू शकते, आणि जुन्या संगणकात ती तशी ठेवणेच अनेकदा श्रेयस्कर असते. कारण जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करावयाची तर संगणकाचा आरंभही 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने व्हावा लागतो. डिस्क बदलणे आणि आरंभाची पद्धत बदलणे ही दोन कामे शक्यतो एकाच दिवशी करू नयेत, कारण पुढे दोष उद्भवल्यास तो कोणत्या बदलाचा हे ठरविणे कठीण जाते.

२. छायाप्रत आणि नक्कल

पार्टिशन उतरवून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत फाइलींचा विचार न करता डिस्कवरील सेक्टरामागून सेक्टर जसेच्या तसे उचलले जातात. दुसऱ्या रीतीत नव्या डिस्कवर आधी रिकामे पार्टिशन तयार करून त्यात एकेक फाइल उतरविली जाते. पोथीच्या संदर्भात बोलावयाचे तर पहिली छायाप्रत होय आणि दुसरी हाताने केलेली नक्कल होय. छायाप्रतीत पानावरील डाग आणि कसरीने पाडलेली भोकेही उतरतात. नकलेत पान स्वच्छ येते, परंतु समासातील टीप सुटण्याचा धोका राहतो.

संगणकाच्या बाबतीतही नेमके असेच घडते. सेक्टरवार प्रतीत जुन्या पार्टिशनाचे सर्व दोष नव्या डिस्कवर येतात. त्यांतील एक दोष विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या रीतीत पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होत असे. आजच्या बहुतेक हार्ड डिस्कांत प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटांचा, म्हणजे जुन्या आठ सेक्टरांइतका असतो. ६३ ला ८ ने भाग जात नसल्यामुळे अशा पार्टिशनावरील लेखन प्रत्यक्ष सेक्टरांच्या सीमा ओलांडून होते आणि डिस्क निष्कारण मंदावते. म्हणून नवे पार्टिशन २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. त्याचप्रमाणे संपूर्ण जीपीटी डिस्कची सेक्टरवार प्रत मोठ्या डिस्कवर घेतली, तर नोंदीची जी प्रत शेवटी असावयास हवी ती नव्या डिस्कच्या मधोमध येऊन पडते व तिला शेवटी हलवावे लागते.

उलटपक्षी, फाइलवार नकलेत फाइलींचा मजकूर येतो, परंतु त्यांची मालकी, अधिकार, बदल केल्याची वेळ आणि परस्परांशी जोडणारे दुवे सुटू शकतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'आरसिंक'सारख्या साधनास या गोष्टी सांभाळण्याचे सामर्थ्य आहे, पण तसे त्यास स्पष्टपणे सांगावे लागते. सामग्री वाटेत एखाद्या फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ठेवली, तर अधिकारांची माहिती तर जातेच, शिवाय ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल तेथे मावतच नाही. दीर्घ मुलाखतींची चित्रमुद्रणे अशा वेळी मागे राहतात.

या तुलनेवरून कोणत्या पार्टिशनास कोणती रीत योग्य हे ठरविता येते. प्रणालीच्या पार्टिशनात असंख्य लहान फाइली ठरावीक अधिकारांनी व दुव्यांनी परस्परांशी बांधलेल्या असतात. तेथे सेक्टरवार प्रत अधिक सुरक्षित होय. मात्र तिच्यासाठी पार्टिशन नव्या डिस्कवर योग्य सीमेपासून सुरू करावे. सामग्रीच्या पार्टिशनासाठी फाइलवार नक्कल श्रेयस्कर होय, कारण तीत जुन्या रचनेचे दोष मागे राहतात आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे पडताळता येते.

चालू असलेल्या कार्यप्रणालीने स्वतःचीच प्रत घेणे धोक्याचे असते. प्रत घेतली जात असतानाच काही फाइली बदलत राहतात आणि प्रतीच्या पूर्वार्धाचा उत्तरार्धाशी मेळ राहत नाही. विंडोजमध्ये एका क्षणाचे चित्र गोठवून त्याची प्रत घेण्याची सोय आहे. तथापि पेनड्राइव्हवरील स्वतंत्र प्रणालीने संगणक सुरू करून, जुनी डिस्क स्वस्थ असताना प्रत घेणे हा निर्वेध मार्ग होय. प्रणालीचे पार्टिशन कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत साठविलेले असेल, तर त्याची पुनःप्राप्तीची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी.

जुनी डिस्कच आजारी असेल तर क्रम बदलावा लागतो. डिस्क आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी स्वतः ठेवीत असते. बदली केलेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या त्यांत वाढत असल्याचे दिसले, तर तिच्यावर दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करू नये. दुरुस्ती म्हणजे लेखन, आणि मरणोन्मुख डिस्कवरील प्रत्येक लेखन हानिकारक ठरू शकते. अशा वेळी 'डीडीरेस्क्यू'सारखे साधन वापरावे. ते सुस्थितीतील भाग आधी उचलते, नादुरुस्त भागांचा नकाशा ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. दुरुस्ती करावयाची ती मिळालेल्या प्रतीवर करावी.

३. ओळखीचा प्रश्न

प्रत पुरी झाली तरी स्थलांतर पुरे होत नाही. प्रत्येक पार्टिशनास इतर घटक एका खुणेने ओळखतात. लिनक्स प्रणालीत कोणते पार्टिशन कोठे जोडावयाचे याची यादी 'एफएसटॅब' या फाइलीत असते आणि तीत पार्टिशनाचा उल्लेख सामान्यतः १२८ बिटांच्या ओळखक्रमांकाने केलेला असतो. विंडोज आपल्या रजिस्ट्रीत कोणत्या पार्टिशनास कोणते अक्षर द्यावयाचे याची नोंद ठेवते. एमबीआर डिस्कच्या बाबतीत ही नोंद डिस्कची ३२ बिटांची सही आणि पार्टिशनाचे आरंभस्थान यांवरून केलेली असते.

सामग्रीची फाइलवार नक्कल केली म्हणजे नव्या पार्टिशनास नवा ओळखक्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकाचा शोध घेणारी प्रणाली मग ते पार्टिशन सापडत नाही असे सांगून आरंभीच अडून बसते. यास्तव यादीतील क्रमांक बदलणे, किंवा विंडोजमध्ये नव्या पार्टिशनास जुनेच अक्षर देणे आवश्यक ठरते. ग्रंथसूचीची साधने आणि प्रबंधात जोडलेली चित्रे 'डी' या अक्षराने आरंभ होणारा मार्ग लक्षात ठेवून असतात. अक्षर 'ई' झाले की फाइल शेजारी असूनही प्रबंधातील चौकट रिकामी दिसते.

सेक्टरवार प्रतीत याच्या उलट अडचण येते. तेथे ओळखक्रमांकही जसाच्या तसा उतरतो आणि एकाच नावाची दोन पार्टिशने एका संगणकात नांदू लागतात. लिनक्स प्रणाली अशा वेळी त्यांपैकी कोणते पार्टिशन जोडील याची शाश्वती नसते. वापरणारा आपण नव्या डिस्कवर लिहीत आहोत असे समजत असतो आणि नवे लेखन जुन्या डिस्कवर साठत असते. काही दिवसांनी जुनी डिस्क काढून टाकली की त्या दिवसांचे काम तिच्याबरोबर जाते. विंडोज समान सहीच्या दोन डिस्कांपैकी एक बंद ठेवते; ती हट्टाने चालू केल्यास तिच्यावर नवी सही लिहिली जाते आणि पुढे तीवरून संगणक सुरू होण्यास अडथळा येऊ शकतो.

यावरील उपाय साधा असला तरी त्यात सूट घेऊ नये. प्रणालीची सेक्टरवार प्रत संपताच संगणक पूर्ण बंद करावा, जुनी डिस्क काढून ठेवावी आणि पहिला आरंभ केवळ नव्या डिस्कवरून करावा. तो यशस्वी झाल्यानंतर जुनी डिस्क पुन्हा जोडावयाची झाल्यास ती दुसऱ्या संगणकास आणि केवळ वाचनापुरती जोडावी.

४. वाचनाची साधने आणि देवनागरी नावे

मराठीत काम करणाऱ्यांसमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक प्रबंध व शब्दसूची अशा फाँटांत टंकलिखित झाल्या, की ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या होत्या. अशा फाइलीत वस्तुतः देवनागरी अक्षर एकही नसते. ती वाचावयाची किल्ली म्हणजे तो विशिष्ट फाँट होय, आणि तो सामग्रीच्या पार्टिशनावर नसून प्रणालीच्या पार्टिशनावर असतो. 'प्रणाली नव्याने बसवू, सामग्री तेवढी नेऊ' असा निर्णय घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग उरतो. म्हणून जुनी प्रणाली सोडून देण्यापूर्वी तिच्यावरील फाँट, कळफलकाची साधने व शब्दकोश यांची यादी करून ती साधने सामग्रीबरोबर जपून ठेवावीत, आणि शक्य तेथे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

फाइलींच्या नावांतही असाच एक गुंता आहे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलीच्या नावास १६ बिटांचे २५५ संकेत चालतात, तर लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीत २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या रूढ लेखनपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, आणि मात्रा व हलन्तचिन्ह हेही स्वतंत्र संकेत असतात. 'ज्ञानेश्वरी' या एका शब्दास ११ संकेत, म्हणजे ३३ बाइट लागतात. त्यामुळे एनटीएफएसवर सुखाने राहिलेले ८५ संकेतांहून लांब असे मराठी नाव ईएक्सटी-४ वर मावत नाही व ती फाइल नकलेतून गळते. गावाचे नाव, गायिकेचे नाव, तारीख आणि विषय असे सर्व काही फाइलीच्या नावातच लिहिण्याची सवय असलेल्या संशोधकांनी ही मर्यादा आधीच तपासावी.

दुसरा गुंता डोळ्यांस दिसतही नाही. 'दऱ्याखोऱ्यांतील ओव्या' या नावातील 'ऱ' हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच 'र' व खालील नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. अ‍ॅपलच्या संगणकांवर २०१७ पर्यंत प्रचलित असलेली एचएफएस प्लस पद्धती अशी अक्षरे नेहमी दोन भागांत फोडून साठवीत असे. तेथून लिनक्सवर आलेले नाव पूर्वीच्या नावासारखेच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. तुलना करणारे साधन मग एक फाइल हरविली आणि एक नवी आली असे सांगते, किंवा एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती शेजारी ठेवते. असा पाठभेद आढळल्यास फाइल पुसण्याची घाई न करता आधी मजकूर ताडून पाहावा.

५. पडताळणी

प्रत झाली असे साधनाने सांगणे आणि प्रत यथातथ्य असणे या एक गोष्टी नव्हेत. फाइलींची संख्या व एकूण आकार जुळले म्हणजे पुरावा पूर्ण झाला असे मानण्याची प्रवृत्ती असते, पण एका बाइटाचा बदल या दोहोंत दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा पडताळा-अंक काढावा लागतो. एसएचए-२५६ या पद्धतीत कोणत्याही आकाराच्या फाइलीपासून २५६ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीच्या ६४ अंकांचा एक अंक निघतो. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी तो अंक सर्वस्वी वेगळा येतो.

स्थलांतरापूर्वी जुन्या डिस्कवरील सर्व फाइलींच्या अंकांची यादी करावी, नक्कल पुरी झाल्यावर नव्या डिस्कवरील फाइली त्या यादीशी ताडाव्यात, आणि हे ताडन संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्यानंतर करावे. नुकत्याच लिहिलेल्या फाइली संगणकाच्या स्मृतीतच शिल्लक असतात. त्या लगेच वाचल्या तर पडताळणी स्मृतीची होते, डिस्कची होत नाही.

या कामास लागणाऱ्या वेळाचा अंदाज आधी घ्यावा. सामग्री ३८० गिगाबाइट आणि वेग सेकंदास १०० मेगाबाइट धरला, तर नकलेस सुमारे ६३ मिनिटे लागतात. डिस्क यूएसबी २.० च्या जोडणीवर असून प्रत्यक्ष वेग ३५ मेगाबाइट मिळाला, तर तेच काम सुमारे तीन तास घेते. लहान फाइली पुष्कळ असल्यास वेळ आणखी वाढतो. पडताळणीसाठी तीच सामग्री जुन्या व नव्या डिस्कवरून पुन्हा एकेकदा वाचावी लागत असल्याने साऱ्या कामास एक संपूर्ण दिवस राखून ठेवणे शहाणपणाचे होय. घाईच्या संध्याकाळी पडताळणीच प्रथम गाळली जाते.

पडताळा-अंकाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. नवी प्रत जुन्या प्रतीसारखी आहे एवढेच तो सांगतो. जुनी प्रत शुद्ध होती की नाही हे तो सांगू शकत नाही. म्हणून निरनिराळ्या काळांतील काही ध्वनिमुद्रणे ऐकून व काही छायाचित्रे उघडून पाहणे इष्ट असते.

६. जुन्या डिस्कचे काय करावे

पडताळणी पूर्ण झाली तरी जुनी डिस्क तत्काळ पुसू नये. निदान एक शैक्षणिक सत्र तरी ती तारीख लिहून कपाटात ठेवावी, कारण वर्षातून एकदाच उघडली जाणारी फाइल गळाली असेल तर ते त्या वेळीच उमगते. तथापि ही डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. जे यंत्र जुने झाले म्हणून बदलले, त्याच्यावरच भिस्त ठेवणे तर्कास धरून होत नाही. स्थलांतराच्या आरंभापूर्वीच सामग्रीची आणखी एक प्रत वेगळ्या यंत्रावर व वेगळ्या वास्तूत असली पाहिजे.

अखेर डिस्क निकालात काढताना ज्यांनी विश्वासाने आपली गाणी, आठवणी व कौटुंबिक हकीकती सांगितल्या, त्या माणसांचाही विचार करावयास हवा. फाइल पुसल्याने केवळ तिची नोंद पुसली जाते आणि मजकूर बहुधा जागेवरच राहतो. हार्ड डिस्कवर सर्वत्र नवे लेखन करून तो नाहीसा करता येतो. एसएसडी आपले लेखन आतल्या आत निरनिराळ्या जागी फिरवीत असल्याने तेथे तो उपाय अपुरा पडतो. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञाच वापरावी.

स्थलांतराची लेखी नोंद हा या कामाचा शेवटचा भाग होय. दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक, कामाची तारीख, वापरलेली रीत, पडताळ्याची यादी, न जुळलेल्या फाइली व त्यांचे स्पष्टीकरण ही माहिती एका पानावर मावते. पोथीची नक्कल करणारा लेखक अखेरीस काळ, स्थळ व आपले नाव नोंदवीत असे आणि आजचा संपादक त्या नोंदीवरूनच प्रतीची परंपरा ठरवितो. विभागाच्या डिस्का यापुढेही बदलत राहतील. प्रत्येक बदलाची अशी नोंद राहिली, तर आजचे ध्वनिमुद्रण पुढील पिढीच्या संशोधकाच्या हाती पडेल तेव्हा ते कोणकोणत्या हातांतून आले आणि वाटेत त्यात काही बदलले की नाही, हे त्यास निश्चितपणे सांगता येईल.